साडेतेहतीस

माझं काम थंडीचं.
मकरपुऱ्यात, आइस्क्रीमवाल्यांच्या कोल्डरूममध्ये
कॉम्प्रेसर कण्हायला लागला की मला बोलावतात.
हात ठेवून सांगतो, गॅस कमी आहे की व्हॉल्व्ह अडकलाय.
एवढंच येतं मला.

त्या दिवशी बडोद्यात चव्वेचाळीस होतं.
डांबर चपलेला धरत होतं,
आणि कारेलीबागेतल्या दवाखान्यात, लेबररूमच्या बाहेर,
मी नुसते कान होऊन उभा.
शेजारच्या दारातून आवाज आला, मागोमाग पेंडे आले.
आमच्या दारातून
सिस्टरच्या चपला, पळणाऱ्या,
मग एक ट्रॉली,
मग कोणीतरी मोजत होतं: एक मिनिट. त्रण. पांच.
मोजणं लांबलं की काय समजायचं
ते मला कळतं.

वार आधीच सुटली होती, म्हणाले.
आत हवा पोचली नाही. किती वेळ, ते सांगता येत नाही.
मजमुदारबाईंनी मास्क हनुवटीवर ओढला:
आता तिला गार करायचं. बहात्तर तास.
साडेतेहतीसवर. सहा तासांच्या आत सुरू व्हायला हवं, सही करा.
गार?
पिशवीत टोपडं होतं, दुपटं होतं, घडी न मोडलेलं.
घरी सासूबाईंनी शेगडी घासून ठेवलेली,
धुरीसाठी ओवा, वेखंड.
मी सही केली.
माल नासायला लागला की आम्हीही हेच करतो,
थांब म्हणतो त्याला, जरा थांब,
पण ते श्रीखंड असतं.

तीन दिवस
तिच्या पाठीखाली पाणी फिरत होतं गादीतून.
डोक्याला वायरी, तोंडात नळी,
पायाच्या अंगठ्यावर लाल दिवा.
फायलीवर नाव: बेबी ऑफ केतकी शिर्के.
केतकी टाक्यांसकट व्हीलचेअरवर यायची,
एका बोटानं तिचा तळपाय शिवायची आणि हात मागे घ्यायची,
चोरी केल्यासारखा.
ओला झालेला गाऊन हातांनी झाकत
एकदा विचारलं तिनं: दुधाचं काय करू?
ताराबेन सिस्टरनं वाटी दिली.

चौथ्या पहाटे आकडा उलटा चालू केला.
तासाला अर्धा अंश, त्याहून घाई नाही.
चौतीस.
बाहेर दूधवाल्याची सायकल.
साडेचौतीस.
आयुष्यभर काटे बघितलेत मी,
चढणाऱ्या काट्याला शिव्या घातल्यात.
त्या दिवशी काचेला कपाळ लावून
एकेक अर्धा, ये ग बाई, ये.

बाराव्या दिवशी वंदनाला दोन मिनिटं सोडलं आत.
पाळणा नव्हता. गोविंद घ्या, गोपाळ घ्या कुणी म्हटलं नाही.
गाऊन, टोपी, साबणानं कोपरापर्यंत धुतलेले हात,
नळीच्या बाजूनं वाकून कुर्रर्र केलं तिनं
आणि सांगितलं: शाल्मली.
मॉनिटर तसाच.

मग फिल्म. मधोमध, दोन्ही बाजूंना पांढरं.
हे हालचालीचं, बाई पेनाचं टोक ठेवून म्हणाल्या.
किती? मी विचारलं.
ते फिल्म नाही सांगत. ती सांगेल.

तीन वर्षं झाली.
मान धरते आता, कोपऱ्याच्या खुर्चीत पट्टा लावून बसते.
मंगळवार-शुक्रवार व्यायाम.
गार नसतं केलं तर? मी विचारत नाही,
केलं म्हणून काय वाचलं, तेही कुणाला विचारू.
दांडिया बाजारातली मावशी विचारून गेली,
ग्रहणात सुरी धरली होतीस का ग?
केतकी भाजी चिरत होती.
चिरत राहिली, जरा जोरात.

एक सांगायचं राहिलं.
रात्री आमचा फ्रिज थांबला की शाल्मली जागी होते,
मुठी आवळून, कमान होऊन.
पुन्हा घरघर सुरू झाली
की हळूहळू सैल पडते.
थर्मोस्टॅट गेलाय त्याचा, भाजीवर बर्फ धरतो.
शेजारी हसतात, मिस्त्रीच्या घरचा फ्रिज.
पार्ट आणून ठेवलाय, महिना झाला,
कपाटावर, खोक्यात.
बसवत नाही.
आवाज बदलेल.